शिळी लाळ डोळ्याला लावू नका: एका कवळीवाल्याचे पत्र

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरगुती उपायांचा जो रकाना येतो, त्यात या वेळी शिळ्या लाळेचे गुण गायले आहेत. सकाळी उठल्याबरोबर, चूळ न भरता, तोंडातली लाळ रांजणवाडीला लावावी, गजकर्णाला लावावी, विळीवर चिरलेल्या बोटाला लावावी. आणि सगळ्यात शेवटी, ‘शास्त्रज्ञांनीही हे मान्य केले आहे’ असे एक ठोकून दिलेले वाक्य. आमच्या सांगलीच्या खणभागातल्या चहाच्या गाड्यावर तो अंक दुपारपर्यंत हातोहाती फिरला आणि संध्याकाळी त्या रकान्याचा फोटो माझ्याच नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येऊन पडला. म्हणून हे पत्र. लांबले आहे. कात्री लावायची तिथे लावा, पण डोळ्याचा आणि कुत्र्याचा भाग कापू नका.

मी डॉक्टर नाही, हे आधी सांगतो. डेंटल मेकॅनिक आहे. डॉक्टरांनी घेतलेल्या मापावरून कवळ्या, दातांवरच्या टोप्या, पडलेल्या दाताच्या जागी बसवायचे ब्रिज बनवतो. 1948 च्या डेंटिस्ट कायद्याने आमच्या पेशाला नोंदणी दिली, पेशंटच्या तोंडात हात घालायचा हक्क दिला नाही, आणि ते योग्यच आहे. (काही जण तो हक्क परस्पर घेतात. तो वेगळ्या पत्राचा विषय.) पण लाळेशिवाय माझा धंदाच चालत नाही. एकही दात नसलेल्या तोंडात वरची कवळी कशाच्या जोरावर टिकते, असे विचारले तर बहुतेक जण म्हणतात, मापाच्या. माप हवेच, पण कवळी आणि टाळू यांच्यामध्ये लाळेचा एक पातळ थर लागतो. दोन काचांमध्ये पाण्याचा थेंब दाबा आणि मग काचा सरळ ओढून सोडवायला बघा. सरकवल्याशिवाय सुटणार नाहीत. टाळूला कवळी धरते ती अशीच. तोंड कोरडे पडले की जगातल्या उत्तम कारागिराची कवळीही बोलता बोलता जिभेवर येऊन पडते.

तेव्हा लाळेची महती मला पुरवणीतून कळायची गरज नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. तुमच्या लेखकाने खरी गोष्ट उचलली आणि भलत्या जागी नेऊन ठेवली.

खरी गोष्ट काय, ते आधी. पेनिसिलिनमुळे सगळ्यांना माहीत असलेले अलेक्झांडर फ्लेमिंग 1921 च्या नोव्हेंबरात लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत सर्दीने बेजार होते. नाकातला शेंबूड त्यांनी जंतू वाढवण्याच्या बशीत घातला आणि काही दिवसांनी पाहिले, तर त्याच्या आसपासचे पिवळे जंतू विरघळून गेलेले. पेनिसिलिन 1928 चे, म्हणजे हे त्याच्या सात वर्षे आधीचे. शेंबडातला तोच पदार्थ अश्रूंत सापडला, लाळेत सापडला, अंड्याच्या पांढऱ्या बलकात तर भरपूर सापडला. 1922 साली फ्लेमिंग यांनी तो जाहीर केला आणि त्याचे नाव पडले लायसोझाइम. प्रयोगाला अश्रू हवेत म्हणून डोळ्यांत लिंबू पिळून पाणी काढत, स्वतःच्याही आणि सहकाऱ्यांच्याही. शास्त्र असेही चालते.

माझी मुलगी मायक्रोबायोलॉजी शिकत होती तेव्हा तिने हे मला दाखवले. काचेच्या नळीत त्याच जातीचे मेलेले जंतू मिसळलेले पाणी, ताकाच्या निवळीसारखे गढूळ. त्यात तिने लायसोझाइमचे द्रावण टाकले आणि नळी खिडकीपाशी धरली. आधी काही नाही. मग पलीकडच्या गजांची धूसर रेघ दिसू लागली, मग गज, मग गजापलीकडची समोरच्याची गॅलरी आणि तिच्यावर वाळत घातलेला टॉवेल. जंतूंच्या भिंती तुटल्या की पाणी निवळते. या भिंतीत साखरेच्या रेणूंची लांब साखळी विणलेली असते, लायसोझाइम तिचे सांधे तोडते, आणि भिंत गेली की आतल्या दाबाने जंतू फुटतो.

आता गंमत बघा. फ्लेमिंग यांना हे सापडल्यावर त्याचे औषध झाले का? नाही. कारण लायसोझाइमने जे जंतू पटकन विरघळतात ते बहुतेक निरुपद्रवी निघाले. रोग करणारे पुष्कळसे तग धरून राहतात. नाही तर ते आपल्याला रोग करू शकलेच नसते. नाका-डोळ्यांतच विरघळले असते. शिवाय जंतूंच्या एका मोठ्या गटाला त्या भिंतीबाहेर आणखी एक आवरण असते, त्यांच्यापुढे लायसोझाइम एकटे फारसे चालत नाही. तुमच्या लेखकाने ‘शास्त्रज्ञांनी मान्य केले’ म्हणताना या शास्त्रज्ञाचे पुढचे पान उलटले असते तर बरे झाले असते.

लाळेत लायसोझाइम एकटे नसते, हेही खरे. लॅक्टोफेरिन नावाचे प्रथिन लोह धरून ठेवते. जंतूंना वाढायला लोह लागते, ते मिळू देत नाही. पेरॉक्सिडेज नावाचे विकर लाळेतले थायोसायनेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्यापासून जंतूंची चयापचय बंद पाडणारे एक रसायन तयार करते. हिस्टॅटिन म्हणून छोटी प्रथिने असतात, ती कॅंडिडा या बुरशीला मारतात. कॅंडिडा म्हणजे तान्ह्या बाळांच्या आणि कवळी लावणाऱ्यांच्या तोंडात पांढरा थर धरते ती. आयजीए ही प्रतिपिंडे जंतूंना हिरड्या-गालांना चिकटू देत नाहीत. आणि लाळेला जो बुळबुळीत ताणा असतो ना, तो म्युसिन नावाच्या चिकट प्रथिनाचा. ते जंतूंना एकत्र गुंडाळते आणि आपण त्यांचा गोळा नकळत गिळून टाकतो. पुढे पोटातले आम्ल आहेच.

हे शेवटचे महत्त्वाचे आहे, आणि नेमके तेच रकान्यात नाही. लाळेची निम्मी ताकद तिच्या वाहण्यात आहे. मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आणि ओठ-गाल-टाळूतल्या शेकडो बारीक ग्रंथी मिळून दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सोडतात. ताजी येते, जुनी गिळली जाते, त्याबरोबर जंतूही जातात. गिळायचे थांबवून तीच लाळ बोटावर घेतली की तिच्यातली ही सगळी यंत्रणा संपली. मागे काय राहते? लाळेच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण दहा कोटी जंतू असतात. माणूस स्वच्छ असो, अस्वच्छ असो, असतातच. ते जखमेवर वाळत बसतात, धुवायला मागून कोणी येत नाही.

आणि सकाळची लाळ तर सगळ्यात वाईट. झोपेत लाळ सुटायची जवळजवळ बंद होते. रात्रभर धुणे नाही, गिळणे नाही, त्यामुळे जंतूंना मोकळे रान. सकाळच्या तोंडाला वास येतो तो त्याचाच. म्हणजे चोवीस तासांतल्या ज्या लाळेत जंतू सर्वांत जास्त आणि ताजे पाणी सर्वांत कमी, नेमकी तीच तुमच्या लेखकाने निवडली. चूळ न भरता!

तोंडातल्या जखमा मात्र लवकर भरतात, हे कोणी नाकारत नाही. दात काढल्यावरचा खड्डा, गाल चावला गेल्यावरची जखम, बघता बघता मिटते आणि व्रणही फारसा राहत नाही. त्यात लाळेचा वाटा आहे. 2008 साली आम्स्टरडॅमच्या संशोधकांनी दाखवले की प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींच्या थरावर ओरखडा काढला तर हिस्टॅटिनमुळे तो लवकर मिटतो. बातम्यांत ‘जखम चाटा, बरी होईल’ असे काहीबाही फिरते त्याचे मूळ अशाच संशोधनात असणार. पण तिथे लाळेतून वेगळे काढलेले प्रथिन होते आणि बशीतल्या पेशी होत्या. उसाच्या फडात कोयता लागलेला अंगठा नव्हता.

माझ्याच टेबलावरचे सांगतो. सांगलीतल्या दवाखान्यांतून अल्जिनेटची, म्हणजे तोंडाचा ठसा घ्यायच्या मऊ लगद्याची, मापे येतात, ओल्या टिश्यूत गुंडाळून, कारण वाळली की माप आक्रसते. गुंडाळी उघडली की आत अजून लाळेची तार असते, कधी रक्ताचा ठिपका. ते माप मी आधी वाहत्या पाण्याखाली धरतो, मग सोडियम हायपोक्लोराइटचा फवारा मारून झाकून ठेवतो, आणि मगच त्यात डेंटल स्टोन (दातकामाचे कडक प्लास्टर) ओततो. हातात मोजे. का? कारण हिपॅटायटिस बी लाळेत असू शकतो, ओठावर फोड उठवणारा हर्पिस असू शकतो, क्षयाचे जंतू खोकल्यातून तोंडात येऊन बसलेले असू शकतात. लाळ एवढी जंतुनाशक असती तर जगभरच्या डेंटल लॅबवाल्यांचा हायपोक्लोराइटचा खर्च वाचला असता. एक बाजू लाळेच्या श्रेयाची आहे, तीही सांगतो: एचआयव्ही लाळेतून पसरत नाही, एका ताटात जेवल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने होत नाही. लाळेतली काही प्रथिने आणि तिचा पातळपणा त्या विषाणूला टिकू देत नाहीत. म्हणजे एका विषाणूपुढे ती भारी पडते, दुसऱ्याला पाठीवर बसवून नेते. सरसकट गुण गाण्यासारखी ही वस्तू नाही.

आता डोळा. रांजणवाडी म्हणजे पापणीच्या कडेच्या ग्रंथीला आलेला फोड, बहुतेक वेळा त्वचेवरच्या स्टॅफिलोकोकस जंतूने होणारा. स्वच्छ फडके कोमट पाण्यात बुडवून, पिळून, मिटल्या डोळ्यावर दिवसातून तीन-चारदा दहा-दहा मिनिटे धरले की बहुतेक रांजणवाड्या आपोआप फुटून बसतात. तिथे लाळेचे काहीही काम नाही, कारण अश्रूंत लायसोझाइम लाळेपेक्षा कितीतरी पटीने जास्त असते. डोळ्याचे स्वतःचे औषध डोळ्यात आहे. त्यात दहा कोटी जंतूंची भर कशाला? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, दुसरे काय!

आणि आपल्या भागात हे फार महागात पडणारे आहे. वाळवा, पलूस, मिरज, सगळा उसाचा पट्टा. पाचट काढताना, तोडणीला, उसाचे पान सपकन डोळ्याला लागते. वर दिसत काही नाही, पण बुबुळाला ओरखडा पडलेला असतो. पानाबरोबर बुरशी आत जाते आणि बुबुळावर पांढरा ठिपका धरतो. अशा डोळ्याला शिळी लाळ लावणे, जिभेच्या टोकाने कण काढणे, मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडचे थेंब आणून घालणे, या तिन्ही गोष्टींनी डोळा जाऊ शकतो. पान लागले आणि दुसऱ्या दिवशी डोळा लाल, पाणी येतेय, उजेड सहन होत नाही, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. तोडणीवाल्या बायका डोळा चोळून पुन्हा कोयता उचलतात, हे मलाही माहीत आहे. मुकादमांनी तरी हे वाचावे.

गजकर्णाचे थोडक्यात. ती बुरशी कॅंडिडा नव्हे, कातडीची दुसरीच जात आहे. हिस्टॅटिन तोंडात कॅंडिडाला मारते म्हणून मांडीवरचे गजकर्ण लाळेने जाणार नाही. मेडिकलमधल्या तीन-चार औषधे एकत्र केलेल्या ट्यूबनेही जात नाही, उलट पसरते. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

कुत्र्याचे मात्र थोडक्यात सांगून भागणार नाही. तुमच्या रकान्यातल्या मजकुराला ग्रुपवर लगेच पुढचे शेपूट लागले: ‘म्हणून तर कुत्रा आपली जखम चाटतो, त्याच्या जिभेत अमृत आहे.’ शेतातल्या वस्तीवर कुत्र्याला पायाची जखम चाटू देणारी माणसे मी पाहिली आहेत, हसत हसत चाटू देणारी. कुत्र्याच्या लाळेतही जंतुनाशक द्रव्ये असतात, पण त्याच लाळेतून रेबीज येतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्राण्यांच्या संपर्काचे तीन वर्ग केले आहेत. खरचटलेल्या, फुटलेल्या कातडीला प्राण्याने चाटणे हे त्यातल्या तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर वर्गात येते, रक्त काढणाऱ्या चाव्याच्या बरोबरीने. तिथे जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची, लगेच दवाखाना गाठायचा, लस घ्यायची आणि जखमेच्या जागी इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजमधून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. ‘चावला नाही, नुसता चाटला’ म्हणून घरी बसू नका. हे वाक्य तुमच्या रकान्यात जाड ठशात यायला हवे होते.

माणसाचा दातही काही कमी नाही. भांडणात समोरच्याच्या तोंडावर बुक्की बसते आणि आपल्याच बोटाच्या पेरावर दाताची एवढीशी चीर पडते. दोन दिवसांत पंजा सुजतो, सांध्यात पू होतो. आखाड्याच्या गावात हे सांगायची वेळ येते हे नवल, पण पैलवान बुक्की मारत नाहीत. मारतात ती चौकात उभी राहणारी पोरे.

इतके झाल्यावर लाळेबद्दल काय छापायला हवे होते, तेही सांगतो, नुसती खोड काढून थांबत नाही.

कवठे महांकाळकडच्या एक आजी माझ्याकडे आल्या. वरची कवळी पदराच्या टोकाला बांधून आणली होती. म्हणाल्या, “वरची ऱ्हाईना बगा. बोलाय लागलं की खाली येतीया. आन् तोंडाची नुसती आग.” दिव्याखाली धरली तर कवळीच्या आतल्या अंगाला, जिथे टाळूला टेकते तिथे, पांढरट थर, नखाने निघत होता. वासावरूनच कळत होते. मी विचारले, “आजी, रात्री काढून ठेवता का?” तर म्हणतात कशा, “काढायची कशाला? घरात पाव्हणं-रावळं असत्यात. नातसून बघंल की.” मग मी गोळ्या विचारल्या. पिशवीतून एकेक निघाल्या: रक्तदाबाची, पाणी काढायची, झोपेची, लघवी अडवून धरता येत नाही म्हणून एक, आणि सर्दीची, जी कोणी कधी बंद करायला सांगितली नव्हती. सकाळी उठल्यावर जीभ टाळूला चिकटलेली असते, हे त्यांनी सगळ्यात शेवटी सांगितले. तोंड कोरडे पडते हे सांगण्यासारखे दुखणे आहे असे त्यांना वाटलेच नव्हते. आणि पिशवीतल्या वेगवेगळ्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्या कुणी विचारलेही नव्हते.

मी त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे पाठवले. टाळू कवळीच्या आकाराचा लालभडक होता, असे त्यांनी मला नंतर सांगितले. कॅंडिडाच. बुरशीवरचे औषध दिले, आणि गोळ्यांची सगळी पिशवी त्यांच्या नेहमीच्या फिजिशियनकडे नेऊन दाखवायला सांगितले. सर्दीची गोळी गेली, एक बदलली. कवळी मी आतून नवे अस्तर लावून दिली, आणि ती ठेवायला झाकणाचा एक डबाही. रात्री काढायची, ब्रशने घासायची, डब्यात पाणी घालून ठेवायची. नातसुनेला आधीपासूनच माहीत होते, असे पुढच्या खेपेला कळले. (डबा तिनेच निवडला, गुलाबी.)

लाळ कमी झाली की काय होते ते अशा तोंडात दिसते. बसल्या बसल्या मिनिटाला साधारण 0.3 ते 0.4 मिलिलिटर लाळ सुटते, ती 0.1 च्या खाली गेली की डॉक्टर तिला आजारात धरतात. कॅंडिडा उठते, ज्यांचे दात शिल्लक आहेत त्यांचे हिरडीलगत झपाट्याने किडतात, गिळायला त्रास, चव जाते. तोंड कोरडे करणारी औषधे एक-दोन नाहीत, शेकडो आहेत. मधुमेह आटोक्यात नसेल तरी तोंड सुकते. स्योग्रेन नावाच्या आजारात शरीर स्वतःच्याच लाळग्रंथींवर उठते, डोळेही कोरडे पडतात. पन्नाशीच्या आसपासच्या बायकांत तो जास्त. तेव्हा तोंड सारखे सुकत असेल तर डॉक्टरांना सांगा, आणि सांगताना सगळ्या गोळ्या सोबत न्या. गोळी मनाने बंद करू नका. रक्तदाबाची बंद करून तोंड ओले झाले आणि माणूस पडला, तर काय मिळवले? पाण्याचे घोट घ्या, तासगावचा बेदाणा आणि गोळ्या-चॉकलेट चघळत बसू नका, कारण सुकलेल्या तोंडात ती साखर दाताला चिकटून राहते आणि धुवायला लाळ नसते. चिंच-आवळ्याने लाळ सुटते हे खरे, पण दिवसभर आंबट चघळले तर तेच आम्ल दात खाते. लाळग्रंथी सुस्त असल्या तरी जिवंत असतील तर साखर नसलेले च्युइंगगम बरे.

लाळग्रंथी मेल्याच, तर मात्र बरेच काही हाती राहत नाही. वाळवा तालुक्यातला एक शेतकरी माझ्याकडे येतो. तंबाखू, मग गुटखा, मग गालाचा कर्करोग, ऑपरेशन आणि किरणोपचार. (2012 पासून राज्यात गुटख्याला बंदी आहे. ती किती आहे हे कोणत्याही टपरीवर उभे राहून बघावे.) तोंड-घशाच्या कर्करोगाला साधारण 60 ते 70 ग्रे (किरणांच्या मात्रेचे माप) इतकी किरणे देतात, कानाखालच्या मोठ्या ग्रंथीवर त्याच्या निम्म्याहून जास्त पडली तर ती सहसा पूर्ववत होत नाही. किरणे गाठीवरच नेमकी रोखणाऱ्या नव्या तंत्राने, आयएमआरटीने, ग्रंथी वाचवायचा प्रयत्न करतात, पण गाठ कुठे आहे यावर ते अवलंबून. या गड्याच्या कमरेला पाण्याची बाटली असते, तिच्यावाचून एक वाक्य पुरे होत नाही. भाकरी आमटीत कुस्करून, वर पाणी, तरी घास फिरत राहतो. त्याच्या कवळीला मी तीनतीनदा हात लावून बघतो, पण ती धरत नाही, धरणारही नाही. धरायला लागते तेच त्याच्या तोंडात नाही. तो जोर करून चावतो तेव्हा हिरडीला फोड येतो आणि तो फोड आठवड्यांनी भरतो. लाळ जखम बरी करते म्हणतात ते इथे, तिच्या अभावात, मला पटते.

म्हणून ज्यांना तोंडा-घशाला किरणे द्यायची ठरली आहेत त्यांनी उपचार सुरू व्हायच्या आधी दातांच्या डॉक्टरांकडे जावे. काढायचे दात तेव्हाच काढून जखम भरू द्यावी. किरणांनंतर जबडा कमजोर होतो आणि मग दात काढला तर हाड सडायची भीती असते. ही गोष्ट घाईगडबडीत पुष्कळदा राहून जाते.

मिश्रीबद्दल दोन ओळी तरी लिहितोच. आपल्याकडे बायका सकाळी तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू हिरड्यांना चोळतात, तोंड साफ होते, दात दुखायचे थांबतात म्हणून. शिळी लाळ थुंकून टाकायची नाही म्हणणारा तुमचा रकाना आणि ही मिश्री, दोन्ही सकाळी एकाच वेळी, एकाच मोरीपाशी चालतात. मिश्री म्हणजे तंबाखूच आहे, भाजल्याने ती सोवळी होत नाही. हिरडी ज्या जागी दात सोडते, पांढरा-लाल चट्टा ज्या जागी धरते, ती जागा रोज चोळायची जागाच असते. तरुण पोरीही लावतात, हे माझ्याकडे येणाऱ्या मापांत दिसते: पस्तिशीच्या बाईची हिरडी साठीची.

विनंती एवढीच, की पुढच्या रविवारी त्याच रकान्यात, त्याच जागी आणि त्याच आकाराच्या टायपात दुरुस्ती छापा. आतल्या पानावर तळाला, निविदा सूचनांच्या शेजारी नको. ‘शास्त्रज्ञांनी मान्य केले’ हे वाक्य मागे घ्या. कुत्र्याने चाटलेली जखम आणि उसाचे पान लागलेला डोळा, या दोन ठिकाणी ताबडतोब काय करायचे ते चौकटीत द्या. मिरजेत आणि सांगलीत नेत्रतज्ज्ञ, दंततज्ज्ञ भरपूर आहेत. त्यांच्यापैकी कुणाला तरी फोन केला तर दहा मिनिटांत मजकूर तपासून मिळेल.

आपला,
एक डेंटल मेकॅनिक, खणभाग, सांगली
(नाव छापू नये. गिऱ्हाइके ओळखतील, तेवढे पुरे.)

ता. क. – मापे पाठवणाऱ्या सर्व दवाखान्यांतल्या असिस्टंट मंडळींस: माप तोंडातून काढल्यावर गुंडाळण्याआधी नळाखाली धरत जा. लाळ मापावर तशीच राहिली की स्टोनचा पृष्ठभाग खरबरीत येतो, कवळी नीट बसत नाही, आणि बोल आम्ही खातो.